बातमीतील लुप्त कर्ता : स्थानिक वार्ताहराच्या नीतीचा एक विचार

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आजवर बहुधा संपादकांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. १८३२ साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांपासून टिळक-आगरकरांपर्यंत आणि त्यांच्यापासून पुढे ज्या व्यक्ती या इतिहासात तेजाने तळपतात, त्या सर्व अग्रलेख लिहिणाऱ्या आहेत. तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी राहून चार ओळी पाठविणारा वार्ताहर या इतिहासात क्वचितच दिसतो. दिसला तरी तळटीपेत. परंतु तळेगाव ढमढेरे येथील वाचकाच्या दृष्टीने विचार केला, तर त्याच्या गावापुरते वृत्तपत्र म्हणजे अग्रलेख नव्हे. जिल्ह्याच्या पानावर गावाचे नाव ठळक अक्षरांत छापून त्याखाली जो मजकूर येतो, तेच त्याचे वृत्तपत्र. त्या नावातही पूर्ण उच्चार सुटून चालत नाही, कारण त्याच जिल्ह्यात मावळातले तळेगाव दाभाडे आहे. ‘ढमढेरे’ हा शब्द गळाला की एका तळेगावचा अपघात दुसऱ्या तळेगावच्या माथी बसतो आणि सकाळपासून नातेवाइकांचे फोन सुरू होतात. दूरच्या उपसंपादकाला क्षुल्लक वाटणारी ही चूक गावात क्षुल्लक राहात नाही, आणि तिचा जाब उपसंपादकाला कोणी विचारीत नाही. तो वार्ताहराला विचारला जातो.

प्रस्तुत विषयाचे मर्म या साध्या गोष्टीत आहे. वार्ताहराच्या नीतीची चर्चा करताना सत्य, निःपक्षपात, लोकहित असे मोठे शब्द वापरण्याची प्रथा पडली आहे. ते शब्द खोटे नाहीत. पण शहरातील पत्रकाराला आणि गावातील वार्ताहराला ते एकाच मापाने लावले जातात, इथे विचार चुकतो. या दोघांमधील खरा भेद अंतराचा आहे. दूर राहून लिहिणाऱ्याला धैर्य सोपे असते, ज्ञान अवघड असते. जवळ राहून लिहिणाऱ्याला ज्ञान आयते असते, धैर्य मात्र महाग पडते. वेळ नदीच्या काठी, शिक्रापूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेल्या या गावात कोणत्या शिवारात पाणी कोणी अडविले, कोणत्या कामाचा ठेका कोणाच्या मेहुण्याला मिळाला, कोणत्या दाखल्यासाठी किती दिवस हेलपाटे घालावे लागतात, हे वार्ताहराला शोधावे लागत नाही. ते त्याच्या कानावर पडतच असते. त्याच्यापुढील प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असा क्वचितच असतो. ‘हे लिहिल्यावर उद्या बाजारात कोणाच्या समोर उभे राहायचे’ हा त्याचा प्रश्न असतो.

दूरत्वाचा दोष काय असतो, याचे ठळक उदाहरण मराठी वृत्तपत्रांच्या अगदी वैभवाच्या काळातच सापडते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होत असून त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे सुचविणारी पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी प्रसिद्ध केली. ती पत्रे बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या खटल्यात आगरकर व टिळक यांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हा प्रसंग सामान्यतः त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि तशी ती आहेही. (त्यांच्या जामिनासाठी जोतीराव फुले यांच्या प्रयत्नाने रामशेठ उरवणे पुढे आले, हा त्या कथेतील फार उदार भाग.) परंतु वृत्तविद्येच्या दृष्टीने पाहता ती एका निर्भय पण दूरस्थ लेखणीची कथा आहे. पुण्यात बसून कोल्हापूरच्या दरबाराविषयी लिहिताना धैर्य कमी पडले नाही. कागदावरचे अक्षर कोणाचे आहे हे ओळखणारा, दरबाराच्या उंबऱ्यावरचा विश्वासू माणूस तेवढा कमी पडला.

जवळिकीचा प्रश्न शिरूर तालुक्याच्याच इतिहासात अधिक तीव्रतेने पाहता येतो. १८७४ च्या डिसेंबरात या तालुक्यातील कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्याच्या बळावर बाबासाहेब देशमुख यांचे घर पाडविले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. ते लोण गावोगाव पसरत गेले आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे त्याचे दंग्यात रूपांतर झाले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावाचा तपशील आज अभ्यासकांना मुख्यतः सरकारने नेमलेल्या आयोगाच्या अहवालातून मिळतो. म्हणजे कर्ड्याच्या घराची भिंत पडली तेव्हा ते पाहून लिहिणारा गावातला कोणी नव्हता. जे लिहिले गेले ते पुढे अधिकाऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांच्या रूपाने. रयतेची हकिगत जबानी म्हणून नोंदली गेली, बातमी म्हणून नव्हे. जबानीत माणूस विचारलेल्या गोष्टीचे उत्तर देतो. बातमीत काय सांगण्याजोगे आहे हे सांगणाराच ठरवितो. हा फरक लहान नाही.

त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, भांबुर्ड्याच्या कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ सुरू केले. शेतकऱ्याच्या बाजूने लिहिणारे पत्र निघाले; पण म्हणून जवळिकीचा प्रश्न मिटला नाही. तो पत्राच्या आत आला. जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचे पहिले दोन भाग ‘दीनबंधू’त छापून आले आणि पुढील भाग छापण्याचे तेव्हाचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी थांबविले. लोखंडे हे भित्रे गृहस्थ नव्हते. मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करण्याचे त्यांचे कार्य त्याची साक्ष देते. तरीही आपल्याच चळवळीतील सर्वांत थोर माणसाचा मजकूर त्यांना पेलला नाही, आणि ही गोष्ट फुल्यांना लागली. या घटनेत एकाला वीर व दुसऱ्याला भ्याड ठरविणे सोपे आहे, पण त्यातून हाती काही लागत नाही. ग्रंथकर्ता आपल्या शब्दांचा दंड एकट्याने भरू शकतो. संपादकाच्या मागे छापखाना असतो, वर्गणीदार असतात, जुळारी असतात. त्याच्या धैर्याचे बिल इतरांच्या नावाने येते. गावच्या वार्ताहराच्या बाबतीत ते बिल घरच्यांच्या नावाने येते, एवढेच.

ज्ञान आणि धैर्य ही दोन्ही एकाच माणसात, एकाच गावी नांदविण्याचा मराठीतील सर्वांत दीर्घ प्रयोग म्हणजे ‘दीनमित्र’. भालेकरांचे पुत्र आणि तरवडीच्या पाटील घराण्यात दत्तक गेलेले मुकुंदराव पाटील यांनी हे साप्ताहिक १९१० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे येथून सुरू केले, १९१२ पासून नेवासे तालुक्यातील तरवडी या आपल्या खेड्यातून चालविले आणि १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, ते सोडले नाही. भारतातील ग्रामीण पत्रकारितेचा आरंभ म्हणून त्याचा गौरव केला जातो. तो योग्यच आहे. पण गौरवापलीकडे जाऊन हा प्रयोग कशाच्या आधारावर टिकला हे तपासले पाहिजे.

मुकुंदरावांचा पहिला आधार त्यांच्या सामाजिक स्थानाचा होता. पाटलाच्या वाड्यात बसलेल्या छापखान्याला गावात सहसा कोणी हात लावीत नाही. हीच टीका एखाद्या बलुतेदाराने आपल्या ओट्यावरून छापली असती, तर ती सत्तावन्न आठवडे तरी चालली असती की नाही, ही शंका रास्त आहे. सत्यशोधक परंपरेच्या अभिमानी अभ्यासकांनी हा मुद्दा फारसा उचललेला नाही. जातीच्या उतरंडीवर प्रहार करणाऱ्या पत्राला टिकण्यासाठी त्या उतरंडीतीलच एका पायरीचे संरक्षण मिळत होते. यामुळे मुकुंदरावांचे मोठेपण उणावत नाही. मात्र ज्याला ते संरक्षण नाही त्याने तसेच का लिहू नये, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार तेवढा उणावतो.

दुसरा आधार वाङ्मयीन होता आणि मराठीच्या अभ्यासकाला तो अधिक मोलाचा वाटला पाहिजे. गावात राहून गावावर लिहायचे तर जे भौगोलिक अंतर उपलब्ध नाही ते वाङ्मयाच्या साहाय्याने निर्माण करावे लागते, हे मुकुंदरावांनी ओळखले होते. उपहास, विडंबन, कादंबरी ही त्यांची अशी साधने. १९१३ चे ‘कुलकर्णी लीलामृत’ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. पोथीचा घाट घेऊन खेड्यातील कुलकर्ण्याच्या लेखणीचे प्रताप त्यात वर्णिले आहेत. शीर्षकाचा रोख उघडच महिपतीच्या ‘भक्तलीलामृता’सारख्या पोथ्यांकडे आहे; आणि गंमत अशी की महिपती स्वतः त्याच जिल्ह्यातील ताहराबादचे कुलकर्णी. या विडंबनाने मुकुंदरावांना कोणा एका गावच्या कोणा एका माणसाचे नाव न घेता प्रत्येक गावी ओळखला जाईल असा मनुष्य उभा करता आला. श्रोत्याला आपला कुलकर्णी त्यात दिसे आणि कुलकर्ण्याला मात्र ‘हा मीच’ असे म्हणून फिर्याद करता येत नसे.

तथापि या युक्तीला एक किंमत आहे. नाव टाळले की दोष व्यक्तीवरून वर्गावर सरकतो. एका कुलकर्ण्याने केलेली लबाडी सिद्ध करण्याचा भार विडंबनकारावर पडत नाही, पण ती न केलेला कुलकर्णीही तिच्यातून सुटत नाही. बातमी एका माणसावर आरोप करते आणि म्हणून ती खोडता येते. विडंबन सर्वांना उद्देशून असते आणि म्हणून ते खोडता येत नाही. मुकुंदरावांच्या काळी त्या वर्गाचा वतनी अंमल खेड्यावर प्रत्यक्ष होता, म्हणून हा प्रहार अन्यायाचा वाटला नाही. परंतु साधन म्हणून पाहता ते जपून वापरण्याचे आहे. नाव घेण्याचे धाडस नसल्यामुळे समूहाला दोष देणे आणि समूहाची रचनाच दोषी आहे म्हणून नाव न घेणे, या दोन गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात.

ज्ञान एकाकडे आणि धैर्य दुसऱ्याकडे ठेवून दोघांत दुवा जोडण्याचा वेगळा मार्ग पुण्यात रूढ झाला. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला आणि ठिकठिकाणी बातमीदारांचे जाळे विणले. भाजीपाल्याचे भाव, गावची जत्रा, पाटाचे पाणी या गोष्टी वृत्तपत्राच्या विषय होऊ शकतात, हे मराठी वाचकाला त्या जाळ्यामुळे पटले. या व्यवस्थेत एक नैतिक करार गृहीत होता. गावातील बातमीदाराने माहिती द्यावी, शहरातील कार्यालयाने तिची जबाबदारी घ्यावी. ‘आमच्या बातमीदाराकडून’ हे शब्द म्हणजे त्या कराराची मोहोर. त्यात बातमीदाराचे नाव नसे, आणि ते नसणे हेच त्याचे कवच असे. गावात तो कोण आहे हे सर्वांना ठाऊक असले तरी छापील पानावर उत्तर देणारे कार्यालय होते.

पुढच्या काळात हा करार मराठी वृत्तपत्रसृष्टीत सर्वत्रच सैल झाला. जिल्हावार, मग तालुकावार आवृत्त्या निघू लागल्या. त्या भरायला मजकूर हवा आणि चालवायला जाहिराती हव्यात. वार्ताहराचे मानधन तुटपुंजे राहिले. अंक वाटण्याची एजन्सी आणि जाहिरातींवरील दलाली हे त्याचे खरे उत्पन्न बनले. ज्या सरपंचाच्या, कारखान्याच्या संचालकाच्या किंवा पतसंस्थेच्या अध्यक्षाच्या वाढदिवसाची पुरवणी मिळवायची, त्याच्याच कारभारावर नजर ठेवायची, अशी दुहेरी नेमणूक त्याच्या गळ्यात पडली. जे कार्यालय त्याला धैर्य उसने देणार होते तेच आता त्याच्याकडे वसुलीचा आकडा मागू लागले. वार्ताहर विकला जातो अशी तक्रार करणाऱ्यांनी त्याची किंमत आधी कोणी ठरविली हे पाहिलेले बरे.

हे सर्व घडत असताना बातमीच्या भाषेत काय झाले? समीक्षेचे खरे क्षेत्र हे आहे, आणि येथे पुरावा रोजच्या रोज छापला जात असूनही त्याची चिकित्सा अत्यल्प झाली आहे. कोणत्याही जिल्हा-पानावरील मजकूर व्याकरणाच्या नजरेने वाचला तर सर्वप्रथम जाणवते ती कर्त्याची अनुपस्थिती. ‘रस्त्याच्या कामाचा शुभारंभ करण्यात आला.’ ‘अतिक्रमण काढण्यात आले.’ ‘पाणीपुरवठा विस्कळीत झाला आहे.’ मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगविचार विस्ताराने मांडला, त्या विचाराचा सर्वांत व्यावहारिक उपयोग बहुधा तालुक्याच्या बातमीदारानेच केला असेल. कर्मणीची ही सोय त्याला इतकी अंगवळणी पडली आहे की शुभारंभ कोणी केला हे सांगताना तो निःसंकोच कर्तरीकडे वळतो, आणि तोच रस्ता चार महिन्यांत उखडला की वाक्य पुन्हा कर्त्यावाचून चालू लागते. श्रेयाला कर्ता असतो, दोषाला नसतो. हा एकच नियम ध्यानात ठेवून अंक वाचावेत. गावातील सत्तेचा नकाशा त्यातून उमटतो.

दुसरी लकब अधिक सूक्ष्म आहे. ‘नागरिकांतून नाराजी व्यक्त होत आहे’, ‘कारवाईची मागणी जोर धरू लागली आहे’, ‘असे समजते’. येथे कर्ता आहे, पण तो निराकार आहे. पुष्कळदा ती नाराजी स्वतः वार्ताहराची असते. त्याला दिसलेले, त्याने पडताळलेले सत्य त्याच्या नावावर उभे राहू शकत नाही, म्हणून तो ते ‘नागरिकां’च्या नावावर जमा करतो. याला लबाडी म्हणावे काय? काही वेळा खचित म्हणावे. कारण ‘नागरिक’ या शब्दाआडून वैयक्तिक आकस फेडल्याची उदाहरणेही गावोगाव सांगितली जातात. पण अनेकदा हा दुर्बळाच्या भाषेचा मार्ग असतो. वाड्यावर गाऱ्हाणे नेणारा शेतकरी ‘मला वाटते’ असे कधी म्हणत नसे, ‘लोक म्हणतात’ असे म्हणे. वार्ताहराचे वाक्य त्या जुन्या सावधपणाचे वंशज आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे बातमीच्या शेवटची नामावळी. ‘यावेळी उपस्थित होते’ म्हणून वीस-पंचवीस नावे येतात आणि शहरी वाचक त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. गावात मात्र बातमी शेवटाकडूनच वाचली जाते. एखादे नाव राहिले तर भांडण, क्रम चुकला तर अबोला. ही नामावळी हास्यास्पद मानण्याची पद्धत आहे. पण तिच्यामागे एक जुनी परंपरा आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा सुटला की जो महजर होई, त्यात हाजीर मजालशीची नावे लिहीत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार यांची नावे येत. पाटलाच्या नावापुढे नांगर आणि कारागिरांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराची निशाणी पडे. बाह्यतः ती यादी आणि आजची यादी सारखीच. परंतु महजरातील नाव साक्षीदाराचे असे. पुढे तंटा उद्भवला तर ‘तू तेथे होतास, काय ठरले ते सांग’ असे त्याला विचारता येई. वृत्तपत्रातील उपस्थिताला उद्या कोणी काही विचारीत नाही. त्याला मान मिळतो, साक्षीचा भार मिळत नाही. ग्रामसभेच्या बातमीत हजर असलेल्यांची नावे सविस्तर येतात, आणि कोणत्या ठरावाला कोणी विरोध केला हे मात्र येत नाही. त्या बातमीचा सगळा पोकळपणा या एका उणिवेत साठलेला आहे.

तथापि कर्ता वा नाव लपविणे हा सर्वत्र दोषच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणी पीडितेची ओळख प्रकट करण्यास कायद्याची मनाई आहे. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या कायद्याने ती अधिक कडक केली. शहरात नाव वगळले की ओळख झाकली जाते. तळेगावसारख्या ठिकाणी वस्तीचे नाव, वय आणि वडिलांचा व्यवसाय एवढे तीन तपशील दिले की नाव देण्याची गरजच उरत नाही. शहरातील कार्यालय ‘तपशील कमी आहे’ म्हणून फोन करते. गावातील वार्ताहराला ठाऊक असते की प्रत्येक अधिक तपशील त्या मुलीच्या शाळेच्या वाटेवर उभा राहणार आहे. येथे नीतीचे ज्ञान कार्यालयापेक्षा वार्ताहराकडे अधिक आहे. कर्जामुळे वा कलहामुळे झालेल्या आत्महत्येच्या बातमीतही असेच घडते. ‘कारण समजू शकले नाही’ हे वाक्य पुष्कळदा असत्य असते. कारण साऱ्या गावाला समजलेले असते, पण ते छापल्याने मागे राहिलेल्या विधवेचे जगणे अधिक अवघड होईल म्हणून ते समजू शकलेले नसते. निर्भीडपणाच्या शाळेत या असत्याला गुण मिळणार नाहीत. ते द्यावेत की नाही याचा विचार त्या शाळेने पुन्हा करावा.

लोपाचा खरा अपराध तेथे घडतो जेथे लपविलेली गोष्ट विकत घेतलेली असते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिले की एका बड्या उमेदवाराच्या स्तुतीचा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः एकच होता. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल दिला. परिषदेने प्रथम त्याचे संक्षिप्त रूपच पुढे केले आणि पूर्ण अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर लोकांसमोर आला. वृत्तपत्रांच्या नीतीवरील अहवालालाच असे लोपाचे प्रायश्चित्त भोगावे लागावे, हा योगायोग बोलका आहे. साईनाथांची रीत मराठी विभागांना परकी नाही. ‘ज्ञानेश्वरी’च्या पोथ्या शेजारी ठेवून पाठभेद पाहणारी विद्या येथे उलट्या दिशेने चालली. तेथे पाठ निराळे निघतात म्हणून अभ्यासक थबकतो. येथे पाठ निराळे निघाले नाहीत म्हणून चोरी सापडली.

जवळिकीचा आणखी एक पदर आहे आणि त्याविषयी बोलताना संकोच केला जातो. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगाव भीमा येथील स्तंभास अभिवादन करण्यास आले. तळेगावपासून ते गाव दूर नाही. त्याच्या सात वर्षे आधी, १९२० साली, ‘मूकनायक’ काढताना त्यांनी मराठी वृत्तपत्रे विशिष्ट जातींच्या हिताचीच वाहक आहेत असा मुद्दा मांडला होता. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा व सणसवाडी परिसरात हिंसाचार उसळला, एका तरुणाचा प्राण गेला, आणि पुढे राज्य शासनाने त्याच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. अशा वेळी दूरचे पत्रकार मोठ्या संख्येने येतात, धीटपणे लिहितात आणि आठ दिवसांत निघून जातात. मागे राहतो तो परिसरातला वार्ताहर. त्याचे आडनाव त्याच्या बातमीच्या आधी वाचले जाते. त्याने काहीही लिहिले तरी एका बाजूला ते फितुरी वाटते आणि दुसऱ्या बाजूला पक्षपात. जुन्या काळचे ‘आमच्या बातमीदाराकडून’ हे अनामिक कवच येथे निरुपयोगी ठरते, कारण त्याचे नाव सर्वांना पाठ आहे. ‘मूकनायका’ने उपस्थित केलेला प्रश्न गावपातळीवर असा उभा राहतो : वार्ताहरांच्या यादीत सर्व वाड्यावस्त्यांची आडनावे आहेत काय? ती नसतील तर एकेका वार्ताहराच्या प्रामाणिकपणाने ती उणीव भरून निघत नाही.

आणि ज्याने कर्ता लपविला नाही त्याचे काय होते? रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर येथील वार्ताहर शशिकांत वारिशे यांची, तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या समर्थक अशा एका जमीन-व्यावसायिकाविषयीची बातमी ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ‘महानगरी टाइम्स’मध्ये आली. त्याच दिवशी एका मोटारीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ज्याच्याविषयी ती बातमी होती त्याच माणसाला पोलिसांनी या प्रकरणी अटक केली आणि खुनाचा गुन्हा नोंदविला. त्या बातमीतील वाक्ये कर्तरी होती आणि सोबत छायाचित्रही होते. बातमी छापून येणे आणि मोटार अंगावर येणे यांत जे अंतर होते ते काही तासांचे होते. शहरातील लेखणीला मैलांचे, वकिलाचे, वेतनाचे आणि दारावरच्या पहारेकऱ्याचे अंतर लाभते. राजापूरच्या वार्ताहराला तेवढेच लाभले.

पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१७ साली स्वतंत्र कायदा केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळून तो २०१९ मध्ये अमलात आला. परंतु अशा कायद्यांच्या व्याख्यांपाशी गावचा वार्ताहर पुन्हा अडखळतो. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या अहवालानंतर, १९५५ साली, श्रमिक पत्रकारांसाठी जो कायदा झाला, त्यात पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय, तो पत्रकार असे ठरविले होते. सकाळी दूध घालून, दिवसा दुकान सांभाळून आणि संध्याकाळी सहाच्या आत बातमी पाठविणाऱ्या माणसाचा मुख्य व्यवसाय कोणता, हे त्या व्याख्येच्या कर्त्यांनी विचारात घेतले नव्हते. वृत्तपत्राच्या नोकरपटात त्याचे नाव नसते. जिल्हा-पानावर ज्या मजकुराच्या माथ्यावर ‘तळेगाव ढमढेरे’ अशी ठळक अक्षरे असतात, तो मजकूर त्यानेच लिहिलेला असतो, आणि तो अंक दुसऱ्या दिवशी पहाटे घरोघर टाकायलाही तोच निघतो.